जीपचं नवं-जुनं

बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला कुठलीही गोष्ट कागदावर उतरवल्याशिवाय खरी वाटत नाही. ऑक्टोबर २०२३ मधल्या त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी जुन्या डायरीतलं एक कोरं पान काढलं आणि त्यावर लिहिलं : ‘वेग अंदाजे चाळीस. डाव्या चाकाखाली खड्डा. स्टेअरिंग हातात राहिलं नाही.’ एवढीच तीन वाक्यं. चौथं लिहायला हात धजेना. ते चौथं वाक्य असं होतं, की रस्त्याच्या डाव्या कडेने सायकलवरून एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा चालला होता.

मुलगा वाचला. जीपची पुढची चाकं थरथरत आपल्याकडे येताना पाहून त्याने सायकल सोडली आणि शेजारच्या भाताच्या खाचरात उडी टाकली. त्याचं कोपर खरचटलं, सायकलचं मागचं चाक मात्र दुमडलं. मी खाली उतरलो तेव्हा माझे पाय त्या चाकांसारखेच थरथरत होते. थोड्या वेळाने त्याचे वडील आले. ते आरडाओरडा करतील, दोन शब्द सुनावतील, अशी माझी तयारी होती. तसं झालं असतं तर बरंही वाटलं असतं. पण त्यांनी मुलाला उचलून घेतलं, जीपकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “साहेब, गाडी तुमची आहे, पण रस्ता आमच्या पोरांचा बी आहे.”

सायकल दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिली. जीपचं काय करायचं, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. आणि जीपपेक्षाही मोठा प्रश्न असा होता, की ही गाडी बिघडलेली आहे हे मला कळायला हवं होतं की नाही?

आमचं नेरे मुळशी तालुक्यातलं. पनवेलच्या बाजूलाही एक नेरे आहे, त्यामुळे पत्ता सांगताना ‘हिंजवडीच्या पुढचं’ अशी पुस्ती जोडावी लागते. एका अंगाला संगणकनगरीच्या काचेच्या इमारती आणि दुसऱ्या अंगाला कासारसाईचं धरण, अशा कात्रीत सापडलेलं हे गाव. पावसाळ्यात इंद्रायणी भाताच्या खाचरांना अजून तोच वास येतो. पण त्याच रस्त्यावरून खडीचे डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर दिवसरात्र धावत असतात. हंगामात संत तुकाराम कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या ट्रॉल्यांची त्यात भर पडते. एवढं सगळं अंगावर घेतल्यावर रस्त्याला खड्डे पडणारच. २०१८ साली निवृत्त झाल्यावर इथल्या छोट्या घरात मी लिहायला म्हणून आलो आणि पुढच्याच वर्षी जीप घेतली.

आमच्या सौभाग्यवतींच्या मते तो निव्वळ पोरकटपणा होता. माझ्या मते त्याला इतिहास होता. १९८२ साली मी अधिकारी म्हणून नोकरीला लागलो, तेव्हा पहिली नेमणूक ग्रामीण शाखेत झाली. आमच्या वाट्याला एक जीप होती. विहिरींची कर्जं, पंपांची कर्जं, दुभत्या जनावरांची कर्जं, या सगळ्यांची पाहणी आम्ही तिच्यातून करत असू. एसटीचा थांबा जिथे संपे तिथून तिची हद्द सुरू होई. ओढ्यात उतरताना ड्रायव्हर तो छोटा दांडा ओढून पुढच्या चाकांनाही इंजिनाची ताकद देई, आणि ती गाडी गुडघाभर पाण्यातून म्हशीसारखी निवांत पलीकडे जाई. वयाच्या चोविसाव्या वर्षी अशा गाडीत बसलेल्या माणसाने साठीनंतर तशीच एक विकत घेतली, यात आश्चर्य वाटण्यासारखं काय आहे?

या गाडीचा जन्म युद्धातला. १९४० साली अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकांनी ओढणारी, कुठेही जाणारी गाडी हवी होती. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने पहिला नमुना करून दाखवला. पुढे विलीज आणि फोर्ड या मोठ्या कंपन्यांनी लाखोंनी गाड्या काढल्या. आपल्याकडे १९४५ साली महिंद्रा कंपनी उभी राहिली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांतच मुंबईत विलीज जीपची जुळणी होऊ लागली. सीजे-३बी नावाचं उंच बॉनेटचं मॉडेल अमेरिकेत १९५३ ते १९६८ एवढंच निघालं. आपल्याकडे मात्र ते त्यानंतरही बरीच वर्षं निघत राहिलं. पोलीस, पाटबंधारे, वनखातं, दूध संघ, साखर कारखाने, सगळ्यांच्या आवारात ते दिसे. माझी जीप त्याच जातीची, १९७४ सालची.

तिची अंगकाठी अगदी साधी. पुढे एक आणि मागे एक असे दोन सलग ॲक्सल, आणि चासीच्या खाली चार कोपऱ्यांत चार कमाना. गॅरेजच्या भाषेत त्यांना पाटे म्हणतात. एकाखाली एक लहान होत जाणाऱ्या पोलादी पट्ट्यांची ही जुडी. मधोमध एक सेंटर बोल्ट तिला एकत्र ठेवतो, आणि इंग्रजी यू अक्षरासारखे वाकवलेले बोल्ट तिला ॲक्सलशी आवळून धरतात. पाट्याचं एक टोक चासीला पिनेने पक्कं, दुसरं टोक शॅकल नावाच्या झुलत्या कडीत. खड्डा आला की पाटा सरळ होतो, म्हणजे लांबतो. त्या वाढलेल्या लांबीला जागा हवी, म्हणून ती झुलती कडी. लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट एवढीच, की या गाडीत पाट्याला दोन कामं असतात. तो धक्का तर सोसतोच, पण ॲक्सलला जागेवर धरून ठेवणाराही तोच. आधुनिक मोटारीत त्यासाठी वेगळे दांडे असतात. इथे पाटा हलला की चाकाची दिशाच हलली.

घेतली तेव्हाच जीपचं स्टेअरिंग सैल होतं. गाडी सरळ नेण्यासाठी चक्र सारखं इकडेतिकडे करावं लागे, आणि चाळिशीच्या पुढे गेलं की एखाद्या खड्ड्यावर पुढची चाकं क्षणभर थरथरत. गॅरेजवाले याला ‘वॉबल मारणं’ म्हणतात. चिरंजीवांनी आग्रह धरला, की बाबा, शहरात जुन्या जीपगाड्यांचं खास काम करणारं वर्कशॉप आहे, तिथे द्या. २०२२ साली दिली. पंधरा दिवसांनी जीप आली तेव्हा तिने जणू टाचा उंचावल्या होत्या. रुंद, दांडगे टायर. मागच्या पाट्यांत एकेक जादा पट्टी, ‘म्हणजे बसणार नाहीत’. पुढे लांब शॅकल, ‘म्हणजे उंची मिळेल’. आणि स्टेअरिंगच्या दांड्याला आडवा लावलेला एक चकचकीत दट्ट्या, त्याला स्टेअरिंग डँपर म्हणतात. बिल अठ्ठ्याहत्तर हजार. पण वॉबल गेला! मी खूश झालो. गाडी थोडी डावीकडे ओढते, रिकामी असताना फार उडते, वळल्यानंतर चक्र आपलं आपण सरळ होत नाही, या गोष्टी जाणवत होत्या. पण दुखणं गेलं म्हटल्यावर किरकोळ तक्रारी कोण करत बसतो?

वर्षभराने ती ऑक्टोबरची संध्याकाळ आली.

त्यानंतर जीप तीन आठवडे पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. ‘एकतर नीट करा, नाहीतर भंगारात द्या, मधलं काही मला सांगू नका,’ असा घरचा निर्वाणीचा इशारा होता. मग कुणीतरी एका मिस्त्रींचं नाव सुचवलं. नाव म्हणजे ‘मिस्त्री’ एवढंच; सारा पंचक्रोश त्यांना त्याच नावाने ओळखतो. पंचाहत्तरीच्या घरातले गृहस्थ. एसटीच्या दापोडीच्या कारखान्यात उभी हयात गेलेली. आता गॅरेज नाही, काही नाही. पटलं तर काम करतात.

ते आले ते हातात पान्यांची पेटी न घेता. गवंड्याचा ओळंबा, सुतळीचा गुंडा, खडू आणि शिवणकामाची टेप एवढंच पिशवीत. मी उत्साहाने सांगायला लागलो, की डावीकडे ओढते, तेव्हा पुढच्या डाव्या चाकातच काहीतरी आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “साहेब, पेशंटनं फक्त दुखतं कुठं ते सांगायचं. रोग डॉक्टरला सांगू द्या.”

आधी त्यांनी जीप अंगणातल्या सपाट फरशीवर घ्यायला लावली. चारही टायरची हवा सारखी केली. कारण हवेतच फरक असेल तर पुढचं मोजमाप वाया. मग प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत टेप धरून आकडे फरशीवर खडूने लिहिले. त्यानंतर मागच्या चाकांच्या बाहेरच्या अंगाला, टायरच्या मध्याच्या उंचीवर सुतळी टेकवून ती पुढच्या चाकांपर्यंत ताणली. दोन्ही बाजूंना तसंच. पुढचं चक्र सरळ. या जीपची पुढच्या-मागच्या चाकांतली रुंदी सारखीच, म्हणजे सुतळी चारही टायरना सारखी टेकायला हवी. डाव्या बाजूची सुतळी पुढच्या टायरवर आदळून वाकली. उजव्या बाजूला टायर आणि सुतळी यांच्यात दोन बोटं अंतर राहिलं.

मिस्त्री उकिडवे बसले, दोन्हीकडे आळीपाळीने पाहिलं आणि म्हणाले, “गाडी खेकड्यावानी चालतीय.”

मग त्यांनी चासीवरच्या पिनेपासून मागच्या ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर मोजलं. उजवीकडे ॲक्सल पाऊण इंच मागे सरकलेला. यू-बोल्ट सोडले तेव्हा सेंटर बोल्टचे दोन तुकडे हातात आले. तुटलेल्या तोंडावर गंज होता, म्हणजे तुटून बरेच दिवस झालेले. नवे पाटे किंवा नवी पट्टी बसवल्यावर जुडी थोडी दबते आणि यू-बोल्ट सैल होतात. दोन-तीनशे किलोमीटर चालल्यावर ते पुन्हा आवळायचे असतात. ते कुणी आवळले नाहीत, आणि आवळून घ्यायचे असतात हे मला कुणी सांगितलं नाही. सैल जुडीत सगळा भार त्या एका बारीक सेंटर बोल्टवर आला आणि तो तुटला. त्यानंतर प्रत्येक ब्रेकला उजव्या बाजूचा ॲक्सल केसभर मागे सरकत राहिला. मागची चाकं उजवीकडे तोंड करून चालू लागली, की गाडीचं नाक डावीकडे वळतं. जेमतेम ऐंशी इंचांवर पुढची-मागची चाकं असलेल्या आखूड गाडीत पाऊण इंच ही लहान गोष्ट नाही. मी वर्षभर पुढच्या डाव्या चाकाला दोष देत होतो. दोष नेमका उलट्या, उजव्या मागच्या कोपऱ्यात होता. आणि त्या संध्याकाळी मी जिवाच्या आकांताने ब्रेक दाबला होता. म्हणजे ॲक्सल आणखी मागे, आणि गाडी आणखी डावीकडे. मुलाच्या दिशेने.

हे ऐकल्यावर मी काही वेळ पायरीवर बसून राहिलो. मिस्त्रींनी स्वतःच आत हाक मारून चहा सांगितला.

वॉबलचं काम दुसऱ्या दिवशी सुरू झालं. पुढचं चाक जॅकवर उचललं, चासीखाली भक्कम ठोकळे लावले. निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जायचं नाही, हा त्यांचा पहिला नियम. मग चाक वरून आणि खालून धरून हलवलं. खटखट वाजलं. मला सांगितलं, “आता ब्रेक दाबून धरा.” ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली, तर चाकाचं बेअरिंग सैल, तरीही राहिली, तर किंगपिन. राहिली. किंगपिन म्हणजे ज्या खुंट्यांवर पुढचं चाक डावी-उजवीकडे वळतं त्या. त्यांच्या बेअरिंगवर पातळ पत्र्याच्या चकत्या असतात, त्यांना शिम म्हणतात. बेअरिंग झिजलं, की नवं घालून हव्या तेवढ्या शिम काढायच्या, म्हणजे खुंटी ना सैल ना जाम अशी बसते. ते झाल्यावर मिस्त्रींनी मला चक्र थोडं थोडं हलवायला सांगितलं आणि स्वतः खाली झोपून एकेक सांधा बोटाने चाचपला. या जीपमध्ये स्टेअरिंगचा दांडा थेट चाकांना जात नाही. मध्ये बेलक्रँक नावाचा एक कोन असतो, तो एका पिनेवर फिरतो आणि दोन्ही चाकांचे दांडे ओढतो. ती पिन झिजलेली होती. एका ठिकाणी केसभर, दुसऱ्या ठिकाणी केसभर, असं करत चक्रापर्यंत ते सैलपण चार बोटं झालं होतं.

चाकं नाचतात का, ते त्यांनी आमच्या अंगणातल्या सायकलवर समजावलं. सायकलची पुढची दांडी थोडी तिरपी असते, वरचं टोक मागे आणि खालचं पुढे. म्हणून सायकल हात सोडूनही सरळ जाते. मोटारीच्या किंगपिनलाही तसाच कल दिलेला असतो. या जीपला तीन अंशांचा. त्या कलामुळे वळण झालं की चाक आपोआप सरळ होऊ पाहतं. माझ्या जीपच्या पुढच्या पाट्यांची झुलती कडी पुढच्या टोकाला आहे. तिथे लांब शॅकल लावली, की पाट्याचं पुढचं टोक खाली जातं, ॲक्सल पुढे कलंडतो आणि तो तीन अंशांचा कल खाऊन टाकतो. उंची मिळाली, सरळ चालण्याची अक्कल गेली. रुंद टायर जास्त बाहेर आलेले, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा हिसका झिजलेल्या सांध्यांवर आणखी जोराने. सैल सांधे, कल नाही आणि वर हिसका. मग चाकं नाचणार नाहीत तर काय?

“मग वर्षभर नाचली का नाहीत?” मी विचारलं.

मिस्त्रींनी तो चकचकीत डँपर सोडवून माझ्या हातात दिला. तेल गळून गेलेलं, आतला दांडा सायकलच्या पंपासारखा विनासायास आत-बाहेर होत होता. “ह्यानं दाबून धरली होती. ह्याचा जीव गेला आन् सगळं एकदम वर आलं.”

त्या क्षणी मला मार्च महिना आठवला. शेतीकर्जाच्या व्यवहारात ‘नवं-जुनं’ नावाचा एक प्रकार आहे. खेड्यापाड्यांतल्या वाचकांना तो समजावून सांगायला नको. कर्ज थकायला आलं, की शेतकरी चार दिवसांसाठी कुणाकडून तरी पैसे उचलतो, जुनं कर्ज भरतो, आणि लगेच नवं, थोडं मोठं कर्ज मंजूर होतं. त्यातून उसने पैसे परत. कागदावर खातं निर्मळ. शाखेचा अहवाल चांगला, अधिकाऱ्याची शाबासकी पक्की. एका शेतकऱ्याचं मी असं लागोपाठ चार वर्षं केलं. दरवर्षी पाहणी करायला मी त्याच जीपने त्याच्या वस्तीवर जात असे. पंप बघे, पिकाचा अंदाज लिही आणि परते. विहिरीत डोकावून पाहिलं नाही. पाणी फेब्रुवारीतच तळाला जात होतं. दुखणं विहिरीत होतं आणि मी औषध खात्याला देत होतो. पाचव्या वर्षी त्याला पैसे उचलायला कुणी मिळालं नाही. चार वर्षांचं साठलेलं एकदम वर आलं आणि जमिनीचा निम्मा तुकडा विकूनच ते मिटलं. माझी तोवर बदली झाली होती.

मी हे मिस्त्रींना सांगितलं नाही. इथे प्रथमच सांगतो आहे.

पुढची दुरुस्ती तशी साधी होती. मागच्या जादा पट्ट्या काढल्या. ओझं वाहणाऱ्या गाडीला त्या ठीक. रिकाम्या गाडीत पाटा इतका ताठ झाला, की चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारतं, आणि हवेत असलेल्या चाकाला ना ब्रेक लागतो ना वळण कळतं. पाट्यांच्या पट्ट्या सुट्या करून, गंज घासून, तडे तपासून पुन्हा रचल्या. नवे सेंटर बोल्ट, नवे यू-बोल्ट. एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचा नाही, हा दुसरा नियम. तिरप्या जोडीने, थोडे थोडे करत आवळले. मूळचे आखूड शॅकल मी सुदैवाने पोत्यात ठेवले होते. ते रॉकेलमध्ये धुऊन बसवले. त्यांच्या ग्रीसच्या निपलांत वर्षानुवर्षांची माती जाम झालेली होती, ती सुईने काढली. मागच्या शॉकॲब्जॉर्बरपैकी एक मेलेला होता. बदलताना जोडीने बदलले. मूळ मापाचे अरुंद टायर आले. एकाच बाबतीत मिस्त्री कडक होते : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग चालवून बघायची. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर कशाने बरं झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडणं आलं.

शेवटी पुढच्या चाकांची दिशा. टायरच्या मध्यावर खिळ्याने रेघ ओढली. दोन चाकांतलं अंतर आधी पुढून, मग मागून, चाकाच्या मध्याच्या उंचीवर मोजलं. पुढचं अंतर दीड-दोन मिलिमीटरने कमी असावं लागतं. हे सर्वांत शेवटी करायचं. सांधे सैल असताना केलेलं अलाइनमेंट म्हणजे डुगडुगत्या टेबलावर धरलेला तराजू.

मग डँपर न लावताच ते मला कासारसाईच्या रस्त्याला घेऊन गेले. मी चक्रावर, ते शेजारी. “ह्याच्याशिवाय सरळ गेली, तरच गाडी बरी झाली.” वीस, तीस, चाळीस. माझे तळहात ओले. तोच खड्डा आला. मी चुकवणार होतो, त्यांनी चुकवू दिला नाही. धाड् असा आवाज झाला, चक्राला एक झटका बसला आणि जीप सरळ पुढे गेली. धरणाच्या भिंतीपाशी थांबून आम्ही दोघं खाली उतरलो. मिस्त्रींनी चारही चाकांच्या मध्याला हात लावून पाहिला, कुठे गरम तर नाही ना, आणि मगच तंबाखूची डबी काढली. सगळा खर्च मजुरीसकट, टायर वगळून, अकरा हजारांच्या आत.

नंतर नवा डँपर बसवला. तो वाईट नसतो. खराब रस्त्यावर हाताला बसणारे हिसके तो सोसतो, तेवढंच त्याचं काम. दोष झाकायला लावला, की तो नवं-जुनं होतो.

घरात जुनी जीप, जिप्सी किंवा तसलीच दणकट गाडी असलेले वाचक पुष्कळ असतील, म्हणून जाता जाता दोन गोष्टी. गाडी वॉबल मारू लागली तर घाबरून ब्रेकवर उभं राहू नका. चक्र दोन्ही हातांनी घट्ट धरा, ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, हलकेच वेग उतरू द्या. आणि घरी येऊन ‘झालं असेल काही’ म्हणून विसरू नका. उंची वाढवण्याच्या, रुंद टायरांच्या मोहात पडण्याआधी हेही ध्यानात असू द्या, की नोंदणीपुस्तकातला तपशील बदलेल असे फेरफार करायला मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे. आणि कुठल्याही वर्कशॉपमध्ये जाण्याआधी एक सुतळी, एक टेप आणि अर्धा तास एवढं भांडवल खर्च करून पाहा. चाक वाकडं चाललं आहे हे सुतळी फुकट सांगते.

यू-बोल्ट आता मी स्वतः आवळतो. पहिल्या तीनशे किलोमीटरनंतर आवळले, त्यानंतर दर दिवाळीला आणि पावसाळ्याच्या तोंडावर. तारीख डायरीत लिहितो. त्या डायरीतलं ऑक्टोबरचं चौथं वाक्यही मी नंतर लिहून टाकलं, कारण ते न लिहिणं म्हणजे पुन्हा नवं-जुनंच झालं असतं.

तो मुलगा आता मोठा झालाय. शाळेला त्याच रस्त्याने, त्याच सायकलवरून जातो. लांबून माझ्या जीपचा आवाज आला, की अजूनही तो सायकलवरून उतरतो आणि बांधावर उभा राहतो. गाडी दुरुस्त झाली आहे, हे मी त्याला दोनदा सांगितलं. तो मान डोलावतो. पण उतरायचं काही सोडत नाही. मीही मग वेग वीसवर आणतो आणि त्याच्या समोरून हळू जातो. त्याचं खातं माझ्याकडे अजून थकीत आहे, आणि ते एका हप्त्यात फिटणारं नाही.